सोमरफेल्ड गुणक लावताना या चुका टाळा

पुण्यात कृष्णद्रव्यावर (डार्क मॅटर, म्हणजे विश्वातले न दिसणारे द्रव्य) काम करू पाहणारे विद्यार्थी अधूनमधून आपापले आलेख घेऊन माझ्याकडे येतात. मार्गदर्शक वेगवेगळे, गणितही वेगवेगळे, पण चुका मात्र त्याच असतात. त्या तोंडी सांगून मी थकलो आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आधी विषय स्पष्ट करतो. कृष्णद्रव्याचे दोन कण एकत्र येऊन नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी दुसरे कण निर्माण होतात, याला विलोपन म्हणतात. विलोपन घडते ते अगदी थोड्या अंतरावर. परंतु त्या दोन कणांमध्ये एखादा हलका मध्यस्थ कण बल वाहून नेत असेल, तर ते बल त्याहून पुष्कळ लांबवर पोहोचते आणि कण एकमेकांजवळ येत असतानाच त्यांचे तरंगफलन, म्हणजे कण कुठे सापडेल याची शक्यता सांगणारे फलन, बदलून टाकते. आकर्षण असेल तर दोन्ही कण एकाच ठिकाणी सापडण्याची शक्यता वाढते आणि त्याच प्रमाणात विलोपनही वाढते. ही वाढ मोजणाऱ्या संख्येला सोमरफेल्ड गुणक म्हणतात. आर्नोल्ड सोमरफेल्ड यांनी १९३१ साली हे गणित इलेक्ट्रॉनसाठी मांडले, तेव्हा कृष्णद्रव्याचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. मध्यस्थ कणाची एकेक देवाणघेवाण गणितात साधारणपणे ‘आल्फा भागिले वेग’ एवढी भर घालते, आणि इथे आल्फा म्हणजे बलाची तीव्रता. वेग आल्फापेक्षा कमी झाला की पहिल्या एकदोन पदांवर भागत नाही, सगळ्या देवाणघेवाणींची बेरीज घ्यावी लागते, आणि श्रोडिंजरचे समीकरण सोडवणे म्हणजे तीच बेरीज घेणे होय.

एवढे बहुतेकांना पाठ असते. चुका होतात त्या याच्या पुढे.

कोणता वेग?

ही माझ्या दृष्टीने सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवणार आहे.

मध्यस्थ कणाला वस्तुमान नसेल तर गुणकाचे सूत्र सोपे असते. क्ष म्हणजे २ × पाय × आल्फा भागिले सापेक्ष वेग असे धरले, तर गुणक म्हणजे क्ष भागिले (१ वजा ‘ई’चा उणे क्ष घात). वेग प्रकाशवेगाच्या एककात घ्यायचा. मात्र अनेक शोधनिबंधांमध्ये हेच सूत्र क्ष म्हणजे पाय × आल्फा भागिले वेग असे छापलेले असते, आणि तिथला वेग हा वस्तुमानकेंद्राच्या चौकटीतला एकेका कणाचा वेग असतो, म्हणजे सापेक्ष वेगाच्या निम्मा. दोन्ही सूत्रे बरोबर आहेत. चूक होते ती एका निबंधातून सूत्र आणि दुसऱ्या निबंधातून वेग उचलल्यावर.

काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आम्ही तिघे कोथरूडमधल्या एका भाड्याच्या खोलीत बसून असे एक गणित पुरे करत होतो. माझ्याबरोबर संशोधन करणारी एक विद्यार्थिनी आणि तिचा एक सहाध्यायी होता. दोघांनी स्वतंत्रपणे प्रोग्रॅम लिहिला होता, आणि तसा आग्रह मीच धरला होता. परिषदेसाठीचे पोस्टर अप्पा बळवंत चौकाजवळच्या दुकानातून त्याच दुपारी छापून आणले होते आणि ते गुंडाळी करून दाराशी उभे ठेवलेले होते. रात्री जेवणानंतर केवळ खात्रीसाठी दोघांचे आलेख एकावर एक ठेवले. वेग जास्त असलेल्या उजव्या कडेला दोन्ही रेषा जवळजवळ एकच होत्या, आणि डावीकडे जाता जाता त्या फाकत गेल्या होत्या.

“सर, उजवीकडे तर दोन्ही जुळतात,” ती म्हणाली. “डावीकडे संख्या मोठ्या आहेत, म्हणून संगणकाची त्रुटी वाढत असेल.”

मी ते मान्य केले, आणि ती माझी चूक होती. संगणकाची त्रुटी वेडीवाकडी असते, तिला नेमके प्रमाण नसते. इथे डाव्या कडेला दोन रेषांचे गुणोत्तर नेमके २ होते आणि त्या कमी वेगाच्या भागात सगळीकडे तेवढेच राहत होते. हे तिच्या सहाध्यायाने पट्टी लावून दाखवले तेव्हा पावणेअकरा वाजले होते. मग आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर हातानेच आकडे टाकले. आल्फा ०.०३ धरला. विश्वाच्या सुरुवातीला कृष्णद्रव्याचे प्रमाण गोठले, म्हणजे विलोपन जवळजवळ थांबून ते कायम झाले, तेव्हाचा सापेक्ष वेग साधारण ०.५ धरला. बरोबर सूत्राने गुणक १.२० आला, आणि वेगांची सरमिसळ केलेल्या सूत्राने १.१० आला. हा फरक ९ टक्क्यांचा असल्याने आलेखावर नजरेत भरत नाही. नंतर आपल्या दीर्घिकेतला सापेक्ष वेग ०.००१ घेतला, तेव्हा एकीकडे १८८ आले आणि दुसरीकडे ९४.

ही चूक धोकादायक आहे ती याचमुळे. सगळेजण प्रोग्रॅमची तपासणी करतात ती कृष्णद्रव्याचे आजचे प्रमाण जुळते का हे पाहून, आणि नेमकी ती तपासणी जास्त वेगाच्या टोकाला होते, जिथे गुणक १ च्या जवळ असल्यामुळे चूक लपून राहते. ती उघडी पडते कमी वेगाला, जिथे पडताळ्यासाठी हाताशी काहीच नसते. ते पोस्टर आम्ही नेले नाही. विद्यार्थिनीला त्याचे वाईट वाटले, आणि मलाही वाटले, कारण निबंधातल्या सूत्राखाली एका ओळीत वेगाची व्याख्या स्पष्ट दिलेली होती आणि ती आम्हा तिघांपैकी कोणीही वाचली नव्हती.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. कोणत्याही गणिताच्या वहीत पहिल्या पानावर तांबड्या शाईने ‘वेग म्हणजे सापेक्ष वेग’ असे लिहितो, आणि बाहेरून घेतलेले प्रत्येक सूत्र त्या व्याख्येत बसवल्याशिवाय पुढे जात नाही. श्रोडिंजरच्या समीकरणातही हीच काळजी घ्यावी लागते, कारण तिथले वस्तुमान हे एका कणाच्या वस्तुमानाच्या निम्मे असते. वेग आणि वस्तुमान या दोन्ही ठिकाणी २ ची चूक झाली तर त्या एकमेकींना अंशतः झाकतात, आणि मग शोधणाऱ्याची फार दमछाक होते.

गुणक म्हणजे स्थिरांक नव्हे

‘माझ्या प्रतिकृतीत गुणक १०० आहे’ असे वाक्य मी जेव्हा ऐकतो, तेव्हा पहिला प्रश्न विचारतो, ‘कुठे?’ गुणक वेगावर अवलंबून आहे आणि वेग विश्वात सगळीकडे सारखा नाही. प्रमाण गोठताना तो प्रकाशवेगाचा मोठा अंश होता. आपल्या दीर्घिकेत तो प्रकाशवेगाच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा आहे. खुज्या दीर्घिकांमध्ये सेकंदाला १० किलोमीटरच्या घरात आहे. विश्वाचे वय सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे असताना, म्हणजे सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण (सुरुवातीच्या विश्वातून आजही आपल्यापर्यंत येणारे प्रारण) मोकळे झाले त्या वेळी, तो याहूनही कितीतरी कमी होता.

या चुकीला इतिहासही आहे. उपग्रहावर बसवलेल्या पामेला उपकरणाने २००८ च्या सुमारास विश्वकिरणांमधल्या पॉझिट्रॉनांचे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या प्रतिकणांचे, प्रमाण १० जीईव्हीच्या वर वाढत जाते असे दाखवले (जीईव्ही हे कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजण्याचे एकक). ते विलोपनातून आले असे मानायचे तर औष्णिक विलोपनाच्या नेहमीच्या दरापेक्षा, म्हणजे ज्यातून कृष्णद्रव्याचे आजचे प्रमाण मिळते त्या दरापेक्षा, शेकडो पटींनी मोठा दर लागत होता. तो नेहमीचा दर स्टायगमन, दासगुप्ता आणि बीकम यांनी २०१२ मध्ये काटेकोरपणे काढला. जड कणांसाठी तो दर सेकंदाला सुमारे २.२ गुणिले १० चा उणे २६ वा घात इतके घन सेंटिमीटर आहे. ही तफावत भरून काढायला सोमरफेल्ड गुणक अगदी योग्य वाटला आणि त्यावर थोड्याच काळात पुष्कळ लेखन झाले. परंतु आपल्या दीर्घिकेत शेकड्यात असलेला गुणक पार्श्वप्रारणाच्या काळी त्याहून लहान असू शकत नाही, आणि तिथे विलोपनाने ओतलेली ऊर्जा वायूचे आयनीकरण करून पार्श्वप्रारणावर खूण ठेवते. प्लँक उपग्रहाच्या मोजमापांत तशी खूण आढळली नाही. एका ठिकाणची अडचण सोडवणारा गुणक दुसऱ्या ठिकाणी अडचण उभी करतो, म्हणून आपला गुणक मी या चारही ठिकाणी एकाच पानावर काढून ठेवतो. ज्याला एकच आकडा हवा असतो, त्याला हे पान कंटाळवाणे वाटते, पण तो कंटाळा बाजूला ठेवायलाच हवा.

खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे आपल्याकडचे काही विद्यार्थी रेडिओ लहरींच्या बाजूने या विषयाकडे वळतात. विलोपनातून निघालेले इलेक्ट्रॉन खुज्या दीर्घिकेच्या चुंबकीय क्षेत्रात फिरून रेडिओ प्रारण देतील, ते दिसले नाही, म्हणून विलोपनाच्या दरावर अमुक मर्यादा येते, हा विचार उत्तम आहे. मात्र त्या मर्यादेला गुणकाने भागताना आपल्या दीर्घिकेतला वेग वापरलेला मी पाहिला आहे. जिथले प्रारण मोजले, तिथलाच वेग घ्यायला हवा. शिवाय एकाच दीर्घिकेत केंद्रापाशी आणि कडेला वेगांचे वाटप वेगळे असते. त्यामुळे गुणक घनतेच्या वर्गाच्या संकलनाबाहेर काढता येत नाही, तो आतच ठेवावा लागतो.

वाढ कुठेतरी थांबते

मध्यस्थ कणाला वस्तुमान असेल तर बलाचा पल्ला मर्यादित असतो. कणाची तरंगलांबी त्या पल्ल्यापेक्षा मोठी झाली की वेग आणखी कमी करून काही मिळत नाही आणि गुणक सपाट होतो. साधारणपणे हे घडते ते वेग मध्यस्थाचे वस्तुमान भागिले कृष्णद्रव्याचे वस्तुमान याच्या खाली गेल्यावर. वस्तुमानरहित मध्यस्थाचे सूत्र सोपे असल्यामुळे नवखे लोक तेच सगळीकडे वापरतात. त्याने काय होते ते आकड्यांत पाहावे. कृष्णद्रव्याचा कण १ टीईव्हीचा (म्हणजे १००० जीईव्हीचा), मध्यस्थ १ जीईव्हीचा आणि आल्फा ०.०३ धरू. सापेक्ष वेग ०.००१ असताना सोपे सूत्र १८८ देते आणि पल्ल्याची मर्यादा धरणारे हुल्तेन विभवाचे (खऱ्या विभवाच्या जवळचे, पण सूत्रात सुटणारे विभव) सूत्र सुमारे १८० देते. इथवर सगळे ठीक दिसते. आता खुज्या दीर्घिकेत जाऊ आणि वेग सेकंदाला १० किलोमीटर घेऊ. सोपे सूत्र साडेपाच हजारांच्या वर जाते आणि दुसरे ३२० च्या आसपास थांबते. म्हणजे एका सूत्राच्या मते खुज्या दीर्घिकेत विलोपन आपल्या दीर्घिकेच्या ३० पट जोरात होते, आणि दुसऱ्याच्या मते दुप्पटही नाही.

याच वस्तुमानामुळे रेझोनन्स, म्हणजे अनुस्पंदन, उद्भवते. शून्य ऊर्जेपाशी नवी बद्ध अवस्था, म्हणजे दोन कण एकमेकांना बांधलेली अवस्था, तयार होण्याच्या बेतात असते, तेव्हा गुणक एकदम उसळतो. ही शिखरे मध्यस्थाचे वस्तुमान ०.६१ × आल्फा × कृष्णद्रव्याचे वस्तुमान, भागिले १, ४, ९, १६ अशा वर्गसंख्या, या ठिकाणी असतात. वरच्या उदाहरणात ती सुमारे १८.२, ४.६, २.० आणि १.१ जीईव्हीला येतात. शिखरे अरुंद असतात. मध्यस्थाच्या वस्तुमानाच्या अक्षावर दहा-वीस बिंदू घेऊन रेषा ओढली, तर शिखर दोन बिंदूंच्या मधे सुटून जाते, किंवा एखादा बिंदू योगायोगाने शिखरावर पडतो आणि विद्यार्थी त्याला चूक समजून आलेखातून काढून टाकतो. दुसरा प्रकार मी स्वतः पाहिला आहे आणि तो मला जास्त खटकतो, कारण तिथे निसर्गाने दिलेले उत्तर हाताने पुसले जाते. माझी सवय अशी आहे की मी मध्यस्थाच्या वस्तुमानाचा अक्ष घेतच नाही. आल्फा × कृष्णद्रव्याचे वस्तुमान भागिले मध्यस्थाचे वस्तुमान, या संख्येचे वर्गमूळ अक्षावर घेतो. त्या अक्षावर शिखरे सारख्या अंतरावर उभी राहतात, त्यामुळे एखादे सुटले तर डोळ्यांना लगेच कळते.

शिखरावर गुणक वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो आणि तसाच वाढू दिला तर संभाव्यतेच्या जतनाने घालून दिलेली कमाल मर्यादा ओलांडतो. ग्रिस्ट आणि कामिओन्कोवस्की यांनी १९९० मध्ये ही मर्यादा कृष्णद्रव्याला लावून दाखवली. विलोपन स्वतःच तरंगफलन खाऊन टाकते, हे गणितात घेतले की वाढ आवरली जाते. शिखराजवळचे आकडे देणाऱ्याने ही तपासणी केलेली नसेल, तर ते आकडे मी पुढे वाचत नाही.

सरासरी वेगावर गुणक काढणे

कणांचे वेग मॅक्सवेल वाटपानुसार पसरलेले असतात, तेव्हा सरासरी घ्यायची ती गुणकाची, वेगाची नव्हे. गुणक वेगाच्या व्यस्त प्रमाणात असेल तर सरासरी वेग घालून काढलेले उत्तर खऱ्या सरासरीच्या ४ भागिले पाय इतक्या पटीने, म्हणजे १.२७ पटीने कमी येते. शिखरावर, जिथे गुणक वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, तिथे हीच तूट ८ भागिले पाय, म्हणजे २.५ पटींहून अधिक होते. संकलन करायला संगणकाला क्षणभरही लागत नाही, तरीही ही पळवाट का घेतात हे मला समजलेले नाही.

याला जोडूनच दुसरी घाई होते. कृष्णद्रव्याचे प्रमाण काढताना समीकरण गोठण्याच्या क्षणानंतर थोडे पुढे नेऊन सोडून देतात. साध्या विलोपनात ते चालते. इथे मात्र विश्व थंड होत जाते तसा वेग कमी होतो आणि गुणक वाढत राहतो. कृष्णद्रव्याचा उष्ण द्रव्याशी संपर्क तुटल्यावर त्याचे तापमान आणखी झपाट्याने उतरते. त्या टप्प्यात, गुणक वेगाच्या व्यस्त प्रमाणात असताना, विलोपनाची एकूण बेरीज कुठे थांबतच नाही, ती लॉगरिदमप्रमाणे वाढत राहते. शिखरावर तर विलोपन पुन्हा नव्याने सुरू होऊ शकते. म्हणून गुणक सपाट होईपर्यंत समीकरण पुढे न्यावे.

संगणकावर सोडवताना

श्रोडिंजरचे अरीय समीकरण, म्हणजे फक्त कणांमधल्या अंतरावर अवलंबून असलेला भाग, मूळबिंदूपाशी शून्य किंमत आणि १ उतार देऊन बाहेरच्या दिशेने सोडवावे. लांब गेल्यावर मिळणाऱ्या तरंगाचा आयाम मोजावा. आयाम आणि तरंगसंख्या यांच्या गुणाकाराच्या वर्गाने १ ला भागले की गुणक मिळतो. पुष्कळजण बलाच्या पल्ल्याच्या दोन-तीन पट अंतरावर थांबतात. कमी वेगाला कणाची उरलेली ऊर्जा इतकी थोडी असते की त्या अंतरावरही विभव तिच्यापुढे मोठाच असतो. किती लांब जावे याचा नियम मी सांगत नाही. अंतर दुप्पट करून पाहतो, पायरी निम्मी करून पाहतो, आणि चौथा अंक हलेनासा झाला की थांबतो.

त्याआधी चार किरकोळ वाटणाऱ्या तपासण्या कराव्यात. आल्फा शून्य केला की गुणक नेमका १ यावा. मध्यस्थ फार जड केला तरी १ च यावा. मध्यस्थ फार हलका केला की वस्तुमानरहित सूत्राशी जुळावा. पहिले शिखर जागेवर सापडावे. शेवटच्या बाबतीत एक खुलासा करतो. ०.६१ हा आकडा हुल्तेन विभवाचा आहे आणि खऱ्या युकावा विभवासाठी (वस्तुमान असलेल्या मध्यस्थाच्या बलाचे विभव) तो ०.६० च्या किंचित खाली येतो. दोन टक्क्यांच्या या फरकाला चूक समजून आठवडा घालवू नये, आणि वीस टक्क्यांच्या फरकाला हा खुलासा लावू नये.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

चिन्हाची चूक. सदिश (फोटॉनसारखा) मध्यस्थ असेल तर कण आणि प्रतिकण यांत आकर्षण असते, पण कण आणि कण यांत प्रतिकर्षण असते, आणि प्रतिकर्षणात गुणक १ पेक्षा खूप लहान होतो. सूर्यातल्या प्रोटॉनांचे मीलन इतके मंद का होते, याच्या उत्तराचा एक भागही याच गणितात आहे.

विलोपन पी-तरंगातून (कोनीय संवेग १) होत असेल तर एस-तरंगाचा (कोनीय संवेग शून्य) गुणक लावू नये. वस्तुमानरहित मध्यस्थासाठी त्याला आणखी (१ अधिक ‘आल्फा भागिले सापेक्ष वेग’ या संख्येचा वर्ग) याने गुणावे लागते. त्यामुळे वेगाच्या वर्गाबरोबर मरायला हवे असलेले विलोपन कमी वेगाला उलट वाढते.

विनोसारख्या (डब्ल्यू बोसॉनचा महासममितीतला काल्पनिक जोडीदार) कणाला एकच समीकरण पुरत नाही. उदासीन जोडी आणि विद्युतभारित जोडी एकमेकींत बदलत राहतात, उदासीन कण आणि विद्युतभारित कण यांच्या वस्तुमानांत जेमतेम १६५ एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) फरक असतो, आणि दोन्ही समीकरणे एकत्रच सोडवावी लागतात. हिसानो, मात्सुमोतो आणि नोजिरी यांनी २००४ मध्ये हे दाखवल्यानंतर विनोच्या विलोपनाचे जुने अंदाज बदलावे लागले.

शेवटी बद्ध अवस्था. मध्यस्थ पुरेसा हलका असेल तर दोन कण तो उत्सर्जित करून एकमेकांना बांधले जातात आणि मग नाहीसे होतात. डिराक कणांच्या (ज्यांचा प्रतिकण वेगळा असतो अशा कणांच्या) जोडीसाठी, मध्यस्थ सदिश आणि वस्तुमानरहित असेल आणि वेग आल्फापेक्षा बराच कमी असेल, तर या वाटेचा दर थेट विलोपनाच्या सुमारे ३ पट असतो. ती वाट पूर्ण सोडून देऊन गुणकाचा तिसरा अंक सुधारत बसलेले विद्यार्थी माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना तो प्रोग्रॅम बंद करून आधी हा दर काढायला सांगतो.